चांदणीखालचा तंतू

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला एर्सिलियाला तंतूवर पांढरा ठिपका दिसला. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. काचेच्या टेबलाखाली दिवा लावलेला होता, वरून समुद्राचं गार पाणी वाहतं सोडलेलं होतं, आणि त्या पाण्यात माकुलाचं उघडं केलेलं अंग पसरलेलं होतं. डोकं नाही, हात नाहीत, कल्ले, आतडी, शाईची पिशवी सगळं काढून बाजूला ठेवलेलं. उरलेलं नुसतं पिशवीसारखं मांस, दुधी काचेसारखं, खालचा उजेड अर्धामुर्धा आत येऊ देणारं. त्या मांसाच्या आतल्या अंगाला डावीउजवीकडे मज्जेची एकेक गाठ असते आणि तिच्यातून चहूकडे नसा फुटतात, म्हणून त्या सागरी संशोधन संस्थेत सगळे तिला चांदणी म्हणायचे. चांदणीची सगळ्यात मागची नस सगळ्यात लांब असते. तिच्या पोटात एकच तंतू असा जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांना दिसतो, पाण्यात बुडालेल्या शेवईसारखा. या एका तंतूसाठी दर वसंतात कुठून कुठून माणसं नापोलीला यायची, आणि तो त्यांना काढून द्यायची एर्सिलिया. अठरा वर्षं ती हेच करत आली होती. दोन्ही टोकांना रेशमी दोरा बांधायचा, चांदणीकडे लाल आणि शेपटीकडे निळा, मग बारीक कात्रीनं आजूबाजूचे धागे एकेक करून सोडवायचे, तंतूला न ताणता, न स्पर्श करता. तंतू जिवंत असेपर्यंत काचेसारखा स्वच्छ असतो. कात्रीचं टोक कुठे लागलंच तर तेवढी जागा पांढरी पडते आणि मग तो तंतू कशाच्याही कामाचा राहत नाही. नवशिक्यांच्या हातून हे पन्नास वेळा होतं. एर्सिलियाच्या हातून शेवटचं कधी झालं होतं ते तिला आठवेना. तिनं मान वाकवून पुन्हा पाहिलं. ठिपका होताच. आणि कात्री धरलेला तिचा अंगठा, तिनं कसलाही हुकूम दिलेला नसताना, अगदी बारीक, जिवंत माशाच्या कल्ल्यासारखा हलत होता.

"झालं का, दोन्ना एर्सिलिया?" शेजारच्या खोलीतून डॉक्टर बाल्बिसनी विचारलं. तोरिनोहून आलेली एकतीस वर्षांची ही बाई. दहा आठवड्यांसाठी तिला ही खोली मिळाली होती आणि त्यातले तीन संपले होते.

"नाही झालं," एर्सिलिया म्हणाली. आणि पुढचं वाक्य तिनं ठरवून उच्चारलं नाही. ते जिभेवर आधीच येऊन बसलं होतं. "जनावरच अर्धमेलं होतं. टबातच दमलेलं होतं. अनिएल्लो कोळ्यानं नीट आणलं नाही."

"दुसरं आहे ना?"

"आहे."

दुसरं माकूल तिनं घेतलं. तो तंतू बरा निघाला. पण ते वाक्य मात्र खोलीत राहिलं, आणि दुपारी पायऱ्या उतरताना तिला असं वाटलं, की आपण कुणाचं तरी काही उचलून पिशवीत घातलंय आणि अजून कुणी हटकलेलं नाही.

माकूल तिच्या बोटांना नावांच्या आधीपासून माहीत होतं. पिन्यासेक्काच्या बाजारात वडलांचा मासळीचा ठेला होता. सहा-सात वर्षांची असल्यापासून ती लाकडी खोक्यावर उभी राहून माकुलं साफ करायची. डोकं धरून एकदाच, पण हळू, ओढायचं. त्याबरोबर सगळं आतलं सामान बाहेर येतं. मग पाठीतून ते पारदर्शक पातं ओढून काढायचं, जे हाडही नाही आणि काटाही नाही. शाईची पिशवी फुटू द्यायची नाही. गिऱ्हाईक हवी म्हणालं तर वेगळ्या कागदात द्यायची. डोळ्यांच्या खाली बोटानं दाबलं की पोपटासारखी काळी चोच टपकन बाहेर येते. नुकतंच मेलेलं असलं तर कातडीवरचे तपकिरी ठिपके अजून उघडमीट करत असतात, आणि त्यावर बोट फिरवलं की बोटामागून रंगाची एक लाट धावते. तिला वाटायचं, ते लाजतंय. पुढे संस्थेत आल्यावर कळलं की प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची एक इवलीशी थैली असते, तिला चहूबाजूंनी स्नायू ओढून धरतात, आणि मालक गेल्यावरही ते स्नायू काही वेळ आपापलं काम करत राहतात. हेही कळलं की माकुलाचा मेंदू कडीसारखा असतो आणि अन्ननळी त्या कडीतूनच जाते. मोठा घास गिळला तर मेंदूलाच इजा व्हायची, म्हणून बिचारं चोचीनं तुकडे तुकडे करून खातं. तीन हृदयं असतात, दोन कल्ल्यांपाशी आणि एक मध्ये, हे ऐकून ती हसली होती, कारण ती तिन्ही तिच्या बोटांखालून हजारदा गेली होती आणि बाजारात त्यांना काहीच नाव नव्हतं. मांजरांसाठीच्या डब्यात जायची ती. संस्थेतली ही नोकरी तिला मिळवून दिली ती अनिएल्लोनंच. लढाई संपून वर्ष झालं होतं, वडील गेलेले, ठेला मोडलेला, आणि संस्थेला माकुलं जिवंत पुरवणारा अनिएल्लो तिथल्या साहेबांना म्हणाला होता, "सबातीनोच्या मुलीसारखं माकूल साऱ्या नापोलीत कुणी उघडत नाही. आणून दाखवू?" आणि खरंच तिचं मनगट धरून तो तिला घेऊन आला होता.

त्या आठवड्यात आणखी तीन तंतू गेले. तिनं काय काय केलं नाही! सकाळची कॉफी सोडली. कोपरांखाली घडी केलेला टॉवेल ठेवला. श्वास सोडून, दोन श्वासांच्या मधल्या रिकाम्या जागेत कात्री चालवायला लागली. नुसता बसलेला असताना हात अगदी निवांत असायचा, मांडीवर झोपलेल्या मांजरासारखा. एखाद्या बारीक गोष्टीकडे नेला की मात्र थरथर सुरू व्हायची, आणि जितकी गोष्ट बारीक तितकी थरथर जास्त. ट्राममध्ये तिकीट धरताना काही नाही. सुईत दोरा ओवताना हात वेडा. तिला राहून राहून त्या जनावराचाच विचार यायचा. माकुलाला पळायचं असतं तेव्हा मेंदूतून एकच हुकूम सुटतो, चांदणीत पोचतो, आणि तिथून त्या जाड नसांतून अंगाच्या कानाकोपऱ्यात एकाच क्षणी जाऊन धडकतो. सगळी पिशवी एकदम आवळते, नळीतून पाणी फेकलं जातं आणि जनावर बाणासारखं मागं जातं. लांबच्या नसेत तंतू जाड, जवळच्या नसेत बारीक, म्हणजे लांबचा हुकूम वेगानं जावा आणि सगळे बरोबर पोचावेत. किती नीट बांधलंय. आणि आपल्या खांद्यापासून बोटापर्यंतच्या हातभर वाटेत हुकमाला मध्येच कोण भेटतं, त्याच्या कानात काय सांगतं, की तो पोचेपर्यंत भलताच होऊन जातो? हे ती कुणाला विचारणार? ज्यांना विचारायचं ती माणसं तिच्या हातचे तंतू घेऊनच तर त्या वाटेचा शोध करत होती.

डॉक्टर बाल्बिसचं काम अडलं. जे तंतू वरून स्वच्छ दिसत होते तेही लवकर मरायला लागले, कारण न दिसणारा धक्का त्यांना कुठेतरी बसलेला असायचा. ते एर्सिलियाला कळत होतं. डॉक्टरबाईला कळत नव्हतं. तिला वाटायचं, आपणच केलेलं मिठाचं पाणी चुकतंय. तिनं ते पाच वेळा नव्यानं बनवलं. बाटल्या बदलल्या. एकदा एर्सिलिया ताटली घेऊन आत गेली तेव्हा ती दोन्ही हातांत डोकं धरून बसली होती.

"दोन्ना एर्सिलिया, तुम्ही इतक्या लोकांबरोबर काम केलंत. माझ्यासारखी ढ बाई पाहिलीत कधी?"

"असं काय बोलता, डॉक्टरबाई."

"मग काय बोलू? मेच्या मध्याला ही खोली दुसऱ्याची. रिकाम्या हातानं परत गेले तर आमचे प्राध्यापक एक शब्द बोलणार नाहीत. फक्त भुवया उचलतील. तुम्ही त्यांच्या भुवया पाहिल्या नाहीत." ती हसली, पण डोळे लाल होते. "जनावरांचंच काहीतरी असावं. मी वर साहेबांना सांगितलंय."

 एर्सिलियानं हातातली ताटली टेबलावर ठेवली. "काय सांगितलंत?"

"हेच, की कोळी बदला म्हणून. तुम्हीच म्हणाला होतात ना."

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी अनिएल्लो मागच्या पायऱ्यांवर तिची वाट अडवूनच उभा होता. साठी उलटलेला, ठेंगणा, मानेवर मिठाच्या पाण्यानं पडलेल्या चिरा. त्याच्या पायाशी ते गोल लाकडी पिंप होतं, त्याचं स्वतःचं. माकूल चौकोनी टाकीत कोपऱ्याला धडकतं, नाक सोललं की दोन दिवसांत मरतं, म्हणून गोल पिंप पाहिजे, आतून गुळगुळीत, आणि पाणी दर अर्ध्या तासानं बदललेलं, हे त्यानं संस्थेला शिकवलं होतं, संस्थेनं त्याला नव्हे.

"ये, ये, सबातीनोची लेक, ये," तो म्हणाला. "जरा वाक. आत बघ. मेलेलं दिसतंय का तुला?"

पिंपात दोन माकुलं अधांतरी तरंगत होती, अंगाच्या कडेची झालर वाऱ्यातल्या पडद्यासारखी हलवत. एकानं तिच्याकडे डोळा वळवला. मोठा, रुपेरी कडांचा, माणसासारखा बघणारा डोळा.

"चांगली आहेत," ती म्हणाली.

"चांगली आहेत! ऐकलंस, संत जेन्नारो? चांगली आहेत म्हणते. मग वर तो चष्मेवाला काय सांगतो मला? सोमवारपासून पोत्सुओलीचा माणूस आणणार. माझी म्हणे अर्धमेली असतात. मी म्हटलं, कोण म्हणतं? तर म्हणे तक्रार आहे. कुणाची तक्रार? तर ते सांगायचं नसतं." तो थांबला. "कुणाची गं?"

ती त्याच्या बुटांकडे पाहत राहिली. बुटांना खवले चिकटले होते.

"बरं," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तुला माहीत नसेल. तू आपली टेबलापाशी. पण तू एक शब्द टाक ना वर. तुझं ऐकतील ते. अठरा वर्षांत एकदा तरी तुला कुजकं दिलं का मी?"

"सांगते," ती म्हणाली. "बघते."

तिनं सांगितलं नाही. रविवारी प्रार्थनेला निघाली आणि चर्चच्या दारातून परत आली. घरी माकुलं आणून ठेवलेली होती, ती साफ करायला घेतली. मोठी कामं सगळी जमली. डोकं ओढलं, पातं काढलं, चोच काढली. मग पोटात पाव, लसूण, माकुलाचेच बारीक कापलेले हात भरून तोंड शिवायला सुई घेतली, आणि तीन वेळा टोचून घेतलं. ओट्यावर रक्ताचा थेंब पडला. लाल. माकुलाचं रक्त बाहेर आल्यावर फिकं निळं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला त्याची दया आली होती, का कोण जाणे. सुई खाली ठेवून ती बसली आणि तिला वडलांचा हात दिसला, ठेल्याच्या संगमरवरी फळीवरचा, सुरी धरलेला, थरथरणारा. ती सोळा वर्षांची असताना ते सुरू झालं होतं. बाजारातल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. सबातीनोनं सकाळीच घेतलेली दिसते. आणि त्याच्या तोंडाला वास यायचाच वाईनचा. ते खरं होतं. ठेला लावायच्या आधी तो कोपऱ्यावरच्या गुत्त्यात जाऊन उभ्याउभ्या एक पेला घ्यायचा आणि मग तासभर त्याची सुरी सरळ चालायची. आई काही बोलायची नाही. एर्सिलिया बोलली होती. एकवीस वर्षांची होती ती, आणि रांगेत आठ गिऱ्हाइकं उभी होती, आणि वडलांच्या हातून एका बाईच्या माकुलाची शाईची पिशवी फुटली, फळीवरून काळे ओघळ खाली आले. "द्या इकडे ती सुरी," ती म्हणाली होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "प्यायचं तर घरी बसून प्या. पाहवत नाही." त्यानं सुरी दिली. मूठ तिच्याकडे करून दिली, तिला शिकवलं होतं तशी. त्यानंतर सहा वर्षं तो ठेल्यावर फक्त पाणी शिंपडायचं आणि ओरडून भाव सांगायचं काम करत राहिला, आणि चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात टायफसच्या साथीत गेला.

सोमवारी तिनं आयुष्यात पहिल्यांदा दांडी मारली आणि टेकडीवरच्या रुग्णालयात गेली. नसांचे डॉक्टर म्हातारे होते, त्यांच्या बाहीवर सिगारेटची राख होती. त्यांनी तिला हात पुढे धरायला लावले, बोट नाकाला लावायला लावलं, कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढायला लावली. रेघ करवतीसारखी निघाली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, जणू एखादी ओळखीची सही असावी.

"काम काय करता?"

"माकुलं उघडते."

"हॉटेलात?"

"नाही. शास्त्रज्ञांसाठी. नस काढून देते."

"अरे देवा," ते म्हणाले, आणि पेन खाली ठेवलं. "घाबरू नका. यानं माणूस मरत नाही. वाढतं, पण हळूहळू. घरात आणखी कुणाला होतं? आई, वडील?"

"वडलांचा हात थरथरायचा. पण ते पिण्यामुळे."

"फार प्यायचे?"

ती विचार करायला लागली. असा विचार तिनं कधी केलाच नव्हता. तोल गेलेला? नाही. आरडाओरडा? नाही. संध्याकाळी घरी? संध्याकाळी ते पाणीच प्यायचे. आई हसायची त्यावरून. "सकाळी एक पेला," ती म्हणाली. "कामाच्या आधी."

"आणि मग हात कमी हलायचा?"

"हो."

"मग पिण्यामुळे हलत नव्हता," डॉक्टर म्हणाले. त्यांना यात विशेष काही वाटलं नाही. ते औषधाचा कागद शोधत होते. "हलतो म्हणून पीत होते. या दुखण्यात थोडी वाईन घेतली की तासभर बरं वाटतं. पुष्कळांना ते आपलं आपण कळतं. बिचाऱ्यांना लोक दारुडे म्हणतात. तुम्ही मात्र त्या नादाला लागू नका, तासाभरानं दुप्पट हलतो."

बाहेर ऊन होतं. रुग्णालयाच्या भिंतीशी लिंबाचं सरबत विकणारा ओरडत होता. ती एका कट्ट्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्याला, बापाला, माहीत असणार. आपण पितो म्हणून हलतो की हलतो म्हणून पितो, हे माणसाला स्वतःचं माहीत असतंच की. मग बोलला का नाही? आठ गिऱ्हाइकांसमोर बोलला असता तर कुणी खरं मानलं असतं? मी मानलं असतं? मानलं नसतं. त्याला तेही माहीत होतं, म्हणून त्यानं नुसती सुरी दिली. खाली खाडीत बोटी होत्या, काड्यापेटीच्या काड्यांएवढ्या. त्यातली एखादी अनिएल्लोची असेल. आज सोमवार, आज संस्थेत पोत्सुओलीची माकुलं गेली असतील. मी काही करवतीनं कुणाचा हात कापला नाही, ती स्वतःशीच म्हणाली, एक वाक्य बोलले फक्त. आणि लगेच तिला कळलं की ठेल्यावरही ती एकच वाक्य बोलली होती. मेलेल्याची माफी कशी मागतात ते तिला माहीत नव्हतं. जिवंत माणूस मेर्जेल्लीनाच्या धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसलेला असेल, आणि तिथे सात नंबरची ट्राम जाते, हे मात्र माहीत होतं.

पण आधी ती संस्थेत गेली. डॉक्टर बाल्बिस बाटल्या धूत होती. एर्सिलियानं दार लावून घेतलं आणि उभ्यानंच सांगितलं. जनावरं चांगली होती. मिठाचं पाणीही चांगलं होतं. माझा हात हलतो. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.

डॉक्टर बाल्बिसनी हातातली बाटली खाली ठेवली. नळ चालू होता, तो तिनं बंद केला.

"पाच आठवडे," ती म्हणाली.

"दोन. पहिले तीन ठीक होते."

"मला दुरुस्त करू नका!" ती एकदम ओरडली. "दोन आठवडे मी स्वतःला गाढव समजतेय. घरी पत्र लिहिलं, मला हे जमत नाही म्हणून. तुम्ही रोज ताटली ठेवून जात होतात आणि माझं तोंड बघत होतात. एक दिवस तरी सांगायचंत! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"खाल्लं नसतं. पण मग मी इथं कोण असते?"

 डॉक्टरबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "वर जाऊन त्या कोळ्याचं सांगा," ती शेवटी म्हणाली, वळून न पाहता. "आत्ता. मला काही दिवस तुम्ही इथं नको आहात."

वर तिनं सांगितलं. चष्मेवाल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि नोकरीचं पुढे बघू म्हणाले. अनिएल्लोला उद्या निरोप पाठवतो म्हणाले. निरोप मी स्वतः देते, असं एर्सिलिया म्हणाली.

तो धक्क्यावरच होता, उलट्या होडीला टेकून गळांच्या दोऱ्या सोडवत. तिनं सांगितलं, त्यानं ऐकलं. बोटं थांबली नाहीत त्याची. मोठी, फुगलेली, चिरा पडलेली बोटं, आणि दोरीच्या गाठीवर किती स्थिर.

"म्हणजे शनिवारी," तो म्हणाला, "मी पिंप दाखवत होतो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी म्हणत होतो, तू एक शब्द टाक."

"हो."

"वा." त्यानं एक गळ डब्यात टाकला. "मी घरी बायकोला काय म्हणालो माहितेय? म्हणालो, एर्सिलिया आहे ना तिथं, ती बघेल."

"ते तुला परत बोलावतायत. उद्यापासून."

"बोलावू देत. मी नाही येणार."

"अनिएल्लो, माझ्यावरचा राग—"

"तुझ्यावर राग नाही गं. म्हणजे आहे. पण हे त्याच्यामुळे नाही." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "सव्वीस वर्षं त्या पिंपाशी मी जागलो, बाळाला जागावं तसा. आणि कुणी एक वाक्य बोललं, की संपलं? मला खाली उतरून विचारलंसुद्धा नाही कुणी. बाजारात नेईन आता. तिथं मेलेलं असलं की मेलेलं म्हणतात आणि ताजं असलं की ताजं. डोळ्यांनी बघून." मग तो पुन्हा दोरीकडे वळला. "तुझ्या बापाचाही हात हलायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, पितो."

"सगळ्यांना वाटायचं," एर्सिलिया म्हणाली.

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग ट्रामच्या दिशेनं चालायला लागली.

गुरुवारी डॉक्टर बाल्बिसनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवून तिला बोलावलं. पोत्सुओलीची जनावरं आली होती, दोहोंतलं एक नाक सोललेलं. काचेच्या टेबलापाशी खुर्ची एर्सिलियाची होती, तिथं डॉक्टरबाई स्वतः बसली होती, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारून. "मला शिकवा," ती म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता. "हात माझे, डोळे तुमचे. माझ्याकडे पाच आठवडे आहेत."

आणि तेव्हा एर्सिलियाच्या लक्षात आलं, की आपल्याला सांगता येत नाही. बोटांना जे येत होतं त्याला शब्दच नव्हते. "आता जरा ओढा," ती म्हणायची. "किती?" "जरा." आणि तंतू तुटायचा. पहिल्या दिवशी चार गेले. डॉक्टरबाईनं कात्री आपटली. त्या रात्री एर्सिलियानं घरी बसून डोळे मिटून हवेत हात चालवला आणि प्रत्येक ठिकाणी बोटं काय करतात ते स्वतःला विचारलं, तेव्हा तिला जी भाषा सापडली ती पुस्तकातली नव्हती, बाजारातलीच होती. "असं समजा, की झोपलेल्या पोराच्या केसांत गुंतलेली पोत सोडवताय," ती दुसऱ्या दिवशी टेबलापाशी म्हणाली आणि थांबली, कारण तोरिनोच्या बाईला शब्द कळला नव्हता. "म्हणजे बारीक माळ हो, गळ्यातली. पोर जागं व्हायला नको आणि केसही ओढले जायला नकोत. माळ आपणहून सुटायला हवी, तुम्ही फक्त वाट मोकळी करायची. कात्री पुढं न्यायची नाही. कात्री जागच्या जागी उघडायची आणि धाग्याला तिच्यात येऊ द्यायचं. थांबा. श्वास सोडा. आता."

सोमवारी, साडेअकराच्या सुमाराला, दोन्ही टोकांना दोरा बांधलेला तीन इंच लांबीचा तंतू ताटलीत तरंगत होता. एर्सिलियानं भिंगातून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. कुठंही पांढरं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "जिवंत आहे."

ताटली घेऊन डॉक्टरबाई पलीकडच्या खोलीत गेली. एर्सिलिया नेहमीप्रमाणे टेबल धुवायला वळली. "तिकडे काय करता?" आतून हाक आली. "या की."

त्या खोलीत ती ताटली ठेवायला हजारदा गेली होती. पण ताटली ठेवली की तिचं काम संपायचं. दुसरं जनावर वाट पाहत असायचं. आज ती स्टुलावर बसली. तारा लावल्या गेल्या, दिवा घालवला गेला, आणि छोट्या गोल पडद्यावर एक हिरवी रेष सरळ पळायला लागली. डॉक्टरबाईनं बटण दाबलं. रेष एकदम उभी उसळली आणि खाली आली, शिखरासारखी, इतकी झटकन की एर्सिलिया दचकली. पुन्हा बटण. पुन्हा उसळी. तेवढीच उंच, तशीच.

"हे काय आहे?"

"हुकूम," डॉक्टरबाई म्हणाली. तिचा चेहरा हिरव्या उजेडात लहान मुलीसारखा दिसत होता. "पळ, असा. जनावर नाही, डोकं नाही, पण हुकूम तारेतून आला की तंतू तो अजून पोचवतोय."

"किती वेळ पोचवेल?"

"माझ्या हातचा आहे, चार तास चालला तरी देवाची कृपा. तुमच्या हातचे आठ-आठ तास चालायचे म्हणतात."

"मी कधी पाहिलं नाही."

"तुम्ही कधी थांबला नाहीत," डॉक्टरबाई म्हणाली, आणि पडद्यावरून नजर न काढता, "आम्हीही कधी थांबा म्हटलं नाही."

जेवायची वेळ झाली, कुणी उठलं नाही. दोन वाजता उसळी जरा ठेंगणी झाली. अडीचला आणखी. एर्सिलियाचे ओठ प्रत्येक वेळी आपोआप हलत होते, जणू ती कुणाला तरी आतल्या आत पुढं ढकलत होती. तीन वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरबाईनं बटण दाबलं आणि रेष सरळच पळत राहिली. तिनं पुन्हा दाबलं.

"गेला," ती म्हणाली, आणि दिवा लावायला हात पुढे केला.

"अजून एकदा दाबा," एर्सिलिया म्हणाली.